नको तिथं एनओसी, पाहिजे तिथं सहीच नाही

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात जाहीर नोटिसा येतात ना, त्या मी रोज वाचतो. बँकेत कर्ज खात्यात नोकरी झाली त्यामुळे कागद दिसला की वाचायची खोड लागलीय, रिटायर झालो तरी ती काही जात नाही. बहुतेक नोटिसांचा मजकूर एकाच साच्यातला असतो, तमाम लोकांस कळविण्यात येते की अमुक सिटी सर्व्हे नंबरची मिळकत आमचे अशील खरेदी घेत आहेत, तरी कोणाचा हक्क, हितसंबंध, गहाण, बोजा, वारसा वगैरे असल्यास इतक्या दिवसांचे आत लेखी कळवावे, मुदतीत हरकत न आल्यास कोणाची हरकत नाही असे समजून व्यवहार पूर्ण केला जाईल. माझं म्हणणं या शेवटच्या ओळीबद्दल आहे, कारण लोकांना खरंच वाटतं की पेपरात छापून आलं आणि कोणी काही बोललं नाही म्हणजे झाली सगळ्यांची संमती.

तसं काही नसतं हो. ती नोटीस घेणाऱ्याच्या सोयीसाठी असते, उद्या कोर्टात गेलं तर सांगता यावं की आम्ही चौकशी केली होती, प्रामाणिकपणे घेतलं. तेवढ्यापुरती ती चांगलीच आहे, बँकासुद्धा मागतात, मी स्वतः मागायचो. पण जिचा हिस्सा आहे ती बहीण भिवंडीला राहते, तिने सोलापूरचा पेपर बघितला नाही म्हणून तिचा हिस्सा पंधरा दिवसात संपला असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही. आणि तुम्हालाच एक विनंती, त्या नोटिसांचा टाइप जरा मोठा करा, निदान पेठेचं नाव आणि मूळ मालकाचं नाव तरी ठळक छापा, नुसता सिटी सर्व्हे नंबर वाचून स्वतःचं घर कोण ओळखतंय.

आता मूळ मुद्दा. आपल्या सोलापुरात घराच्या व्यवहारात संमतीचा सगळा कारभार उलटा चाललाय. जिथं कायदा कोणाची परवानगी मागत नाही तिथं एनओसी, ना हरकत, शिक्का, चेअरमनची सही, वर पाकीट. आणि जिथं कायदा स्पष्ट म्हणतो की लेखी संमती पाहिजे, माणसाने समजून दिलेली पाहिजे, तिथं "घरातलंच आहे की", "सगळ्यांना माहितीय की" असं म्हणून व्यवहार रेटून नेतात.

मागं एका ओळखीच्या माणसाच्या दस्ताला ओळखदार म्हणून रजिस्ट्री ऑफिसला गेलो होतो. आमच्या आधी पूर्व भागातलं एक कुटुंब होतं, दोन भाऊ, त्यांच्या बायका आणि एक बहीण. हक्कसोडपत्र होतं, म्हणजे बहीण घरातला आपला हिस्सा लिहून सोडणार. बहीण विडी कामगार, घरात तेलुगू बोलणारी, मराठी बोलायला येत असेल पण वाचायला येत नाही हे तिच्याकडं बघूनच कळत होतं, कारण कागद हातात दिला तर तिने तो तसाच घडी करून मांडीवर ठेवला. अंगठा मशीनवर घेईना. आयुष्यभर विड्या वळल्या की बोटांवरच्या रेषा राहतात कुठं, ऑपरेटर आपला "अक्का, पुसून ठेवा, जोरात दाबा, आता दुसरं बोट" असं परत परत करतोय, सगळे त्या मशीनभोवती वाकलेले. शेवटी घेतला एकदाचा अंगठा. मग समोरून विचारलं, दस्त वाचलाय ना, मान्य आहे ना? ती तोंड उघडायच्या आधी एजंट म्हणाला, "हो साहेब, सगळं सांगितलंय." झालं. फोटो निघाला. बाहेर आल्यावर तिने भावजयीला तेलुगूत काहीतरी विचारलं, भावजय म्हणाली नंतर सांगते.

मी असं म्हणत नाही की त्या भावांनी फसवलं. कदाचित तिने राजीखुशीने सोडलं असेल, लग्नात भावांनी कर्ज काढलं असेल, आईला शेवटपर्यंत त्यांनी सांभाळलं असेल, अशा पुष्कळ बहिणी मनापासून हिस्सा सोडतात आणि त्यांचा तो हक्कच आहे. माझा प्रश्न एवढाच की तिला माहीत होतं का आपण काय सोडतोय? करार कायदा १८७२ चा आहे, त्यात कलम १३ मध्ये संमतीची व्याख्या अगदी साधी दिलीय, दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने राजी होणं. आणि पुढच्या कलमात म्हटलंय की जबरदस्ती, गैरवाजवी दबाव, फसवणूक, चुकीची माहिती किंवा गैरसमज यातून आलेली संमती ही मुक्त संमती नाही. अंगठा कलम १३ पुरता पुरेसा नाही, एवढं एजंट लोकांनी लक्षात घेतलं तरी खूप झालं. घरातल्याच कोणीतरी शिकलेल्या पोराने आदल्या दिवशी आत्याला दस्त तिच्या भाषेत वाचून दाखवला तर काय बिघडतं. आपल्या गावात तेलुगू आहे, कानडी आहे, उर्दू आहे, आणि दस्त मात्र सगळे त्या वकिली मराठीत, जी मराठी माणसालाच अर्धी कळते.

आणि हा हिस्सा काही भावाच्या मेहरबानीचा राहिलेला नाही. महाराष्ट्राने तर १९९४ लाच हिंदू वारसा कायद्यात बदल करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला होता, तेव्हा तो आधी लग्न झालेल्या मुलींना नव्हता. मग ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती आली, आणि ११ ऑगस्ट २०२० ला सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा केसमध्ये सांगून टाकलं की मुलीचा हक्क जन्माने आहे, २००५ ला वडील जिवंत होते की नव्हते याचा काही संबंध नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली विक्री किंवा रजिस्टर वाटणी मात्र त्यात उकरता येत नाही. हे झालं वडिलोपार्जितचं. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर असेल आणि मृत्युपत्र न करता ते गेले, तर आई, मुलगे, मुली सगळ्यांना सारखा हिस्सा, आजी जिवंत असेल तर तिला पण. मग हे घर विकताना बहिणीची सही लागते का असं विचारणारे लोक भेटतात ना, तेव्हा मी त्यांना म्हणतो सही लागते का काय विचारता, ती मालक आहे, तुम्ही मालकाला विचारायलाय की मालकाची सही लागते का.

इथं दोन गोष्टी फार चालतात. एक म्हणजे स्टॅम्प पेपरवर नोटरी करून घेतलेलं संमतीपत्र, "माझी काही हरकत नाही." त्याने हिस्सा सुटत नाही. घरातला हक्क सोडायचा तर हक्कसोडपत्र रजिस्टर झालं पाहिजे, नोटरीचा लाल शिक्का कितीही मोठा असला तरी. दुसरी म्हणजे वारस नोंदीत बहिणींची नावंच न लावणं. फेरफार नोंदीची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, ती नोटीस माहेरच्या पत्त्यावर जाते आणि माहेरचाच माणूस ती घेतो, संपला विषय. पण नोंद म्हणजे मालकी नव्हे, नोंद ही सरकारने वसुलीसाठी ठेवलेली वही आहे, कोर्टांनी हे इतक्या वेळा सांगितलंय. घेणाऱ्याने उताऱ्यावर फक्त भावांची नावं बघून इसार दिला तर दहा वर्षांनी बहिणीचा दावा त्याच्याच दारात येणार, भाऊ तोवर पैसे घेऊन मोकळे.

एकत्र कुटुंबाचा कर्ता मात्र खऱ्या कुटुंबाच्या गरजेसाठी, म्हणजे आजारपण, कर्ज, लग्न अशा कारणासाठी इतरांच्या सह्यांशिवाय विकू शकतो हेही खरं आहे, पण गरज होती हे नंतर सिद्ध करावं लागतं, म्हणून शहाणा घेणारा सगळ्यांच्या सह्या घेतोच. तसंच जुन्या वाड्यातला एक भाऊ आपला अविभक्त हिस्सा बाहेरच्याला विकतो, बाकीचे ओरडतात आमची संमती नव्हती. त्याला त्याचा हिस्सा विकायला संमती लागत नाही. पण राहत्या घराचा हिस्सा घेणारा परका माणूस "मी पण आता इथं राहणार" म्हणून ट्रंक घेऊन आत शिरू शकत नाही, त्याला वाटपाचा दावा करून आपला तुकडा वेगळा करून घ्यावा लागतो, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४४ त्यासाठीच आहे. भवानी पेठ, साखर पेठेकडच्या जुन्या घरांत हे माहीत नसल्याने काय काय भांडणं होतात ते तिथल्या लोकांना विचारा.

आता उलट बाजू. बापाने स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट तो विकायला निघाला की एजंट म्हणतो मुलांच्या सह्या आणा, सुनांच्या आणा. गरज नाही. स्वतः कमावलेलं असेल आणि एकट्याच्या नावावर असेल तर तो एकटा विकू शकतो, मुलगा "माझी संमती नाही" म्हणून पाय आपटत असला तरी. दस्तात लिहून देणार, लिहून घेणार आणि तिसरे संमती देणार अशी नावं घालतात, ती काळजी म्हणून घालतात, पुढं कटकट नको म्हणून, त्यात वाईट काही नाही, पण त्यावरून मुलांना असं वाटायला लागतं की बापाच्या घराला आपली परवानगी लागते. बायकोची गोष्ट थोडी वेगळी आहे. नावावर नसेल तर सही कायद्याने सक्तीची नाही, पण राहत्या घरात राहायचा तिचा हक्क २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने धरलेला आहे, कोर्ट तिला तिथून काढायला किंवा घर विकायला मनाई करू शकतं. म्हणून बायकोला न सांगता घर विकणाऱ्या नवऱ्याकडून घर घेताना दहा वेळा विचार करावा, कायदा बाजूला ठेवला तरी.

अज्ञान म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलाच्या स्वतःच्या नावावर काही असेल, आजोबांनी मृत्युपत्राने दिलेलं वगैरे, तर आईबाप पालक म्हणून सही करून ते विकू शकत नाहीत, आधी कोर्टाची परवानगी पाहिजे. पाच वर्षांपेक्षा जास्त भाडेपट्ट्याने द्यायचं तरी परवानगी पाहिजे. हे १९५६ पासून आहे आणि अजून माझ्यासमोर लोक म्हणतात, अहो बापच सही करतोय की.

सोसायट्यांबद्दल लिहायचं तर पेपर पुरणार नाही तरी थोडं लिहितो. आमच्याकडं विजापूर रोडला आणि जुळे सोलापुरात फ्लॅट भाड्याने द्यायचा म्हटलं की कमिटीची परवानगी काढा, भाडेकरूला मीटिंगमध्ये घेऊन या, तो काय खातो ते सांगा, बॅचलर असेल तर नाहीच. राज्याच्या नमुना उपविधीप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नियमावलीप्रमाणे, फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सने, म्हणजे ठराविक मुदतीच्या भाडेकराराने, द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत द्यायची, बस. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, तेही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नाही, २००१ पासून तसा शासन निर्णय आहे. विकताना पण तेच, एनओसीशिवाय विक्रीच होणार नाही असं सेक्रेटरी ठासून सांगतो, पण शेअर हस्तांतराला ना हरकत दाखला बंधनकारक नाही असं उपविधीतच आहे, आणि हस्तांतर अधिमूल्य, म्हणजे फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करताना सोसायटी घेते ती रक्कम, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त पंचवीस हजार, देणगी, बिल्डिंग फंड, मंदिर फंड अशा नावाखाली लाखाची मागणी करायची नाही. उलट नवीन घेणाऱ्याचा सभासदत्वाचा अर्ज आला आणि सोसायटीने तीन महिन्यांत निर्णयच कळवला नाही तर तो सभासद झाला असं कायदा धरतो. म्हणजे गप्प बसणं ही संमती, हे कायद्याने धरलंय ते सोसायटीच्या विरुद्ध, आणि आपण ते धरतो बहिणीच्या विरुद्ध. परवानगीच्या नावाखाली जात, धर्म आणि ताटात काय आहे हे बघून माणसं निवडायचं जे चाललंय त्याला तर नियमाचा कसलाच आधार नाही, कोणी आपला फ्लॅट कोणाला द्यायचा हे कमिटीने ठरवायचं नसतं. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची असते ती पण माहितीच आहे, ऑनलाइन फॉर्म आहे, पोलिसांनी परवानगी दिली तरच भाडेकरू ठेवता येतो असं नाही.

खरी परवानगी लागते ती भाडेकरूची, आणि ती कोणी मागत नाही. मी स्वतः घरमालक आहे, वरच्या दोन खोल्या भाड्याने देतो, त्यामुळं दोन्ही बाजू माहितीयत. आपल्याकडं चार-पाच दिवसाआड पाणी, त्यात ते कधी पहाटे येतं कधी भर दुपारी, भाडेकरू कामावर, नळ उघडा राहिलेला, पाणी जिन्यावरून खाली यायला लागतं, मग मालक दुसरी किल्ली घेऊन आत जातो. मालकाचं म्हणणं खोटं नाही. पण एकदा किल्ली फिरवायची सवय लागली की मग नळासाठी, मग मीटर बघायला, मग गॅस बंद आहे का बघायला, मग सहजच. शेजारच्या गल्लीत दोन नर्सिंगच्या मुली राहायच्या, त्यांचं कपाट कोणीतरी उघडलेलं त्यांना कळायचं, कपड्यांच्या घड्या मोडलेल्या. मालकीणबाईला विचारलं तर म्हणाली घर माझं आहे बाई, झुरळं झालीत का बघत होते. मुलींनी महिन्याच्या आत खोली सोडली, डिपॉझिट अर्धंच मिळालं.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू आहे, त्याच्या कलम २८ मध्ये मालकाला घर बघायचा हक्क दिलाय, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. आधी हा शब्द महत्त्वाचा. घर मालकाचं असलं तरी ताबा भाडेकरूचा असतो. मी माझ्या करारात एक ओळ टाकून घेतलीय की पाणी वाहत असेल, शॉर्टसर्किट असेल अशा वेळी फोन करून आणि फोन न लागल्यास शेजारच्या माणसाला बरोबर घेऊन आत जाईन आणि लगेच व्हॉट्सअॅपवर कळवीन, बाकी कुठल्याही कारणाला आदल्या दिवशी विचारीन. टायपिंगवाला म्हणाला काका असं कोणी लिहीत नाही. म्हटलं तू लिही की. तेव्हापासून किल्लीवरून वाद नाही.

नवीन भाडेकरूला खोली दाखवायला आणणं, ब्रोकरने आतला व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकणं, हे तर सर्रास झालंय. त्यात कोणाचं देवघर दिसतं, कोणाची औषधं दिसतात, दोरीवरचे कपडे दिसतात. राहणाऱ्याला विचारलं पाहिजे, दहा मिनिटं दिली तर माणूस आवरून ठेवतो. तसंच आधार कार्डाची झेरॉक्स मालकाला, ब्रोकरला, सोसायटीला, वॉचमनच्या वहीत, सगळीकडं. आधारचे पहिले आठ आकडे झाकलेली प्रत यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, साइटवरून काढता येते, ती द्या, तेवढ्याने काम होतं.

भाडेकरूनेही संमती घ्यायची असते हे भाडेकरू विसरतात. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं तर घर खाली करायला लागू शकतं. पण पक्कं म्हणजे काय हे पण कायद्यात दिलंय, लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, हवेसाठी खिडकी, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं अशी कामं, महापालिकेची लागेल तिथं परवानगी घेऊन केलेली, यात पक्कं बांधकाम धरत नाहीत. माझ्या माहितीत नवी पेठेत एका दुकानदाराला एसी लावला म्हणून खाली कर अशी धमकी दिली जायची, त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं. पोटभाडेकरू ठेवणं मात्र अगदी वेगळं, मालकाशी झालेल्या करारात तशी मुभा नसेल तर करूच नका, आपण गावाला गेलो म्हणून मेहुण्याच्या मित्राला किल्ली देऊन भाडं घेणं म्हणजे सरळ बेदखलीचं कारण हातात देणं आहे. आणि भांडण झालं म्हणून मालकाने भाडेकरूचं पाणी, लाइट, संडास तोडायचा नाही, कलम २९, त्याला "माझी संमती मागे घेतली" असं म्हणता येत नाही.

लिव्ह अँड लायसन्स अकरा महिन्यांचा असला तरी महाराष्ट्रात रजिस्टर करायला लागतो. अकरा महिने म्हणजे रजिस्टर नको ही समजूत अजून आहे आणि शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून लोक समाधानी. रजिस्टर करायची जबाबदारी घरमालकाची आहे, नाही केला आणि वाद झाला तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरतात, मालकाने ते खोटं ठरवायचं, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड. आणि हे ऑनलाइन घरी बसून होतं, माणूस थंब मशीन घेऊन घरी येतो. मुदत संपल्यावर भाडेकरू नाही निघाला तर दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते, पण रीतसर करार असेल तरच तुम्ही तोंड वर करून बोलू शकता. घरावर कर्ज असेल तर भाड्याने देण्याआधी बँकेचा गहाणखताचा कागद काढून बघा, बहुतेक बँका लेखी संमतीची अट घालतात, मी स्वतः त्या अटीवर किती जणांच्या सह्या घेतल्या, एकानेही वाचली नसेल.

शेतजमिनीचं थोडक्यात. शहराच्या कडेला सामाईक सातबाऱ्यातले गुंठे विकतात, तिथं बाकी सहहिस्सेदारांच्या सह्या आहेत का बघा. कुळकायद्याने मिळालेली किंवा वर्ग दोनची, म्हणजे विक्रीवर सरकारी अट असलेली, जमीन असेल तर शेतकऱ्याची सही असून उपयोग नाही, सरकारी परवानगीचा कागद बघा. कुळाच्या जमिनीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी साऱ्याच्या, चाळीस पट रक्कम भरून वाट मोकळी होते, पण ती भरलीय का हे विचारायचं.

शेवटचं नवीन फ्लॅट घेणाऱ्यांसाठी, कारण आता होटगी रोडपासून विजापूर रोडपर्यंत सगळीकडं बुकिंग चालूय. रेरा म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्याने असं ठरवलंय की बिल्डरने तुमच्या फ्लॅटचा प्लॅन तुम्हाला विचारल्याशिवाय बदलायचा नाही, आणि बिल्डिंगच्या, कॉमन जागेच्या मंजूर प्लॅनमध्ये बदल करायचा तर घेणाऱ्यांपैकी निदान दोन तृतीयांश लोकांची आधी घेतलेली लेखी संमती पाहिजे, त्यात बिल्डर स्वतःला मोजत नाही, आणि एकाच घरच्या माणसांनी चार फ्लॅट घेतले तरी ते एकच मत. पूर्ण प्रोजेक्ट दुसऱ्या बिल्डरला द्यायचा असेल तरी दोन तृतीयांश आणि वर महारेराची, म्हणजे त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाची, मंजुरी. आता गंमत बघा, बुकिंगच्या वेळी करारात सोळाव्या-सतराव्या पानावर एक परिच्छेद असतो, "घेणार यांनी भविष्यातील सर्व बदलांना याद्वारे संमती दिली आहे." गार्डनच्या जागेवर पुढं आणखी एक विंग उभी राहिली की बिल्डर ते पान दाखवतो. अशा ढोबळ संमतीला अर्थ नाही, काय बदल होणार हे दाखवून त्या बदलाला घेतलेली संमतीच खरी, मुंबई हायकोर्टाने रेराच्या आधीच जुन्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याखाली असं म्हटलेलं आहे. तरी सही करताना त्या परिच्छेदावर काट मारायला सांगा, ऐकत नसेल तर निदान मेल करून ठेवा की आम्हाला हे मान्य नाही. दहा टक्क्यांपेक्षा जास्त पैसे रजिस्टर करारनाम्याआधी मागत असेल तर तेही बेकायदा आहे. महारेराच्या साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकला की मंजूर प्लॅन दिसतो, पोराला सांगा, मोबाइलवर दोन मिनिटांचं काम, आणि तो प्लॅन डाउनलोड करून स्वतःकडं ठेवा, नंतर बदललेला कोणता आणि मूळचा कोणता हे दाखवता आलं पाहिजे.

पत्र फार लांबलं, मला माहितीय. जागा कमी पडली तर सोसायटीवरची माझी कटकट खुशाल कापा, पण हक्कसोडीचं आणि कलम २८ चं तेवढं राहूद्या, आणि कापलं तर कृपया आकडे आणि कलमं चुकवू नका, लोक पेपर दाखवून भांडतात.

आपला,
एक जुना वाचक, विजापूर रोड, सोलापूर